बाटली परत आली पाहिजे : बडोदे ते डभई

गुरुवार, बडोदे

बडोद्यात रात्रीची जेवणं आटोपली की निम्मं गाव सोडा प्यायला बाहेर पडतं. हे दारूबंदीचं राज्य. १९४९ चा मुंबईचा कायदा गुजरातने १९६० साली वेगळं झाल्यावरही सोडला नाही. त्यामुळे इथे सोडा कुणाच्या सोबतीला येत नाही, त्याचीच मैफल असते. जिरा, लिंबू, कालाखट्टा, वरियाली (बडीशेप), आदू-लिंबू (आलं-लिंबू). काउंटरवर नळांची रांग, वर रंगीत दिवे, आणि पुढे स्कूटरवरून न उतरताच ग्लास रिचवणारी कुटुंबं.

मामांचं घर दांडिया बाजारात. सयाजीरावांच्या कारकिर्दीत नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांपैकी हे एक. घरात बोलणं मराठीच, फक्त भाजीला ‘शाक’ म्हणायचं आणि वाक्य ‘ने’वर संपवायचं. नळाचा सोडा नको, गोटीचा हवा, असं मी आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं.

“मिळतो ने अजून,” मामा म्हणाले. “पण या झगमगाटात नाही मिळायचा. मांडवीकडे जाऊ.”

मांडवीच्या आसपास एका गल्लीच्या तोंडाशी हातगाडी होती. पत्र्याच्या टबात बर्फाचं पाणी, त्यात हिरवट काचेच्या बाटल्या. गाडीवाल्याने एक काढली, फडक्याने तोंड पुसलं, लाकडी टोपी वर ठेवून तळहाताने दाबली. फस्सकन आवाज आणि गोटी खाली. बाटली मी मागून घेऊन दिव्यापुढे धरली. मानेला दोन्ही बाजूंनी चिमटा काढलेला असतो, त्यामुळे गोटी पोटात पडत नाही, मानेतल्या छोट्या खोलीतच फिरत राहते. त्या खोलीत एका अंगाला दोन उंचवटे. ती बाजू खाली ठेवून बाटली वाकवली की गोटी उंचवट्यांना टेकून थांबते आणि सोडा सरळ ग्लासात येतो. उलट्या बाजूने वाकवली की गोटी धावत तोंडाशी येते आणि धार बंद. गाडीवाला न बघता, अंगठ्याने चाचपून बाजू ओळखत होता.

ही करामत हायरम कॉड या इंग्रज माणसाची, पेटंट १८७२ चं. त्याच्या आधी शंभर वर्षं पाण्यात वायू कोंडण्याची विद्या माणसाला येत होती, कोंडलेला वायू राखण्याची मात्र नव्हती. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्ये लीड्सला बिअरच्या भट्टीवरचा वायू पाण्यात उतरवला. जेकब श्वेप्पने १७८३ मध्ये जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला. पण बूच सुकलं की आक्रसतं आणि वायू निघून जातो. म्हणून हॅमिल्टनने १८०९ मध्ये बुडाला निमुळती, उभी राहूच न शकणारी बाटली काढली. ती आडवीच ठेवावी लागायची, म्हणजे बूच ओलं राहायचं. कॉडने बूचच काढून टाकलं. आतल्या वायूनेच गोटी वर ढकलायची आणि तोंडातल्या रबरी वायसरवर दाबून धरायची. चोरालाच पहाऱ्यावर बसवलं, असं मामा म्हणाले, आणि मला ते पटलं.

सोडा पिऊन झाला तरी गाडीवाल्याची नजर माझ्या हातावरून हलेना. बाटली टबाशेजारच्या खोक्यात गेली तेव्हा तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शुक्रवार, बडोदे

शुक्रवारी बाजार भरतो. जुने नळ, पंख्यांची पाती, एकेक पायाचे बूट, आणि मधूनमधून काच. भंगारवाल्यांना आता जुन्या बाटलीचे भाव कळतात, त्यामुळे स्वस्तात काही मिळेल ही आशा ठेवू नये. एका ताडपत्रीवर सोड्याच्या बाटल्या वेगळ्या मांडलेल्या होत्या. काही गोटीच्या, काही बिल्ल्याच्या, म्हणजे पत्र्याच्या क्राउन झाकणाच्या. हे झाकण विल्यम पेंटरचं, बाल्टिमोरचं, १८९२ चं.

जुनी बाटली वाचायची कशी, ते इथे लिहून ठेवतो, कारण त्या ताडपत्रीपुढे मी जवळजवळ दुपारपर्यंत उकिडवा बसलो होतो.

आधी बाटलीची शिवण बघायची. साचा दोन पाखांचा असतो. त्यांच्या जोडावरची रेघ काचेवर उमटते. साध्या बाटलीची रेघ ओठाच्या खालीच संपली, तर ओठ हाताने चढवलेला, म्हणजे बाटली जुनी. रेघ थेट ओठावरून गेली, तर ती यंत्राची, विसाव्या शतकातली. गोटीच्या बाटलीला मात्र हा हिशोब लावता येत नाही. तिच्यात गोटी आधी टाकावी लागते आणि मग तोंड आवळून ओठ घडवावा लागतो, नाहीतर गोटी आत जाईलच कशी? त्यामुळे तिथे रेघ कालची असली तरी ओठापाशी थांबते. गोटीची बाटली जुनी म्हणून गळ्यात मारणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यासाठी हे ध्यानात ठेवावं.

मग बूड. तिथे बहुधा काच कारखान्याची खूण असते. विलायतेहून आलेल्या बाटल्यांवर लंडनच्या बार्नेट अँड फॉस्टरचं नाव भेटतं. ही मंडळी सोड्याची यंत्रंही विकायची आणि बाटल्याही. पुढे उत्तर प्रदेशात फिरोजाबाद, सासनी या भागात काच होऊ लागली आणि देशभरच्या सोडावाल्यांचा माल तिकडून येऊ लागला.

आणि मग पोटावरची उठावाची अक्षरं. माझा मुद्दा सगळा इथेच आहे. हातात घेतलेल्या एका बाटलीवर सोडा कंपनीचं नाव झिजून गेलं होतं, बोटाने चाचपूनही लागत नव्हतं. खालचं गाव मात्र स्पष्ट होतं : नडियाद. दुसरीवर भरूच. आपण समजतो ही जाहिरात. पण काचेत अक्षरं उठवायची तर वेगळा साचा कोरावा लागतो, तो खर्च कुणी शोभेसाठी करत नाही. रंगीत कागद चिकटवला असता तर स्वस्तात काम झालं असतं. अक्षरं कोरली ती मालकी सांगायला : ही बाटली नडियादच्या अमक्याची आहे, रिकामी झाली की त्याच्याकडे गेली पाहिजे. सोडा म्हणजे पाणी आणि वायू, त्याची किंमत ती काय. सोडावाल्याचं खरं भांडवल काचेत अडकलेलं असायचं. इंग्लंडातही हेच दुखणं होतं. तिथे काही कंपन्या बाटलीचा ओठ वेगळ्या रंगाच्या काचेचा करून घ्यायच्या, म्हणजे दुसऱ्याच्या पेटीत गेलेली आपली बाटली लांबून ओळखू यावी.

त्यावर पोरांचा वेगळाच तोडगा. बाटली फोडायची आणि गोटी खिशात. विलायतेतल्या पोरांनी हेच केलं, आपल्याकडच्यांनीही. जुन्या गोटीच्या बाटल्या अख्ख्या कमी सापडतात, त्याचं हे एक कारण. ताडपत्रीवाल्याकडे डब्यात सुट्या गोट्याही होत्या, वेगळ्या भावाने.

नडियादची बाटली घेतली. भाव सांगत नाही, मामी वाचतील.

दुपारी गोरव्याच्या बाजूला ॲलेम्बिकच्या आवारावरून चक्कर मारली. कंपनी १९०७ ची. त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन ही नावं तिच्या मुळाशी आहेत. गज्जर बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशाळेचे, कोटिभास्कर त्यांचे विद्यार्थी. औषध आलं की बाटली लागते, म्हणून पुढे इथे काचही होऊ लागली. मराठी घरांत पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले ‘येरा’चे ग्लास याच बडोद्याच्या काचेचे. आता जुन्या काही शेडमध्ये चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. बघायला छान, पण भट्टी नसलेल्या काच कारखान्यात माझा जीव रमेना.

येताना सेंट्रल लायब्ररीत डोकावलो. पुस्तकांच्या दालनात मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. खालच्या मजल्यापर्यंत उजेड झिरपावा म्हणून केलेली सोय. मामा म्हणाले, शाळेत असताना या काचेवरून चालायला पोरं घाबरायची, आणि ग्रंथपाल तेवढ्यासाठीच त्यांना वर पाठवायचे.

शनिवार, डभई

प्रतापनगरहून सकाळची गाडी धरली. तीसेक किलोमीटर. सरदार पटेलांच्या पुतळ्याकडे जाणारी एकतानगरची लाइन झाल्यापासून हा मार्ग एकदम महत्त्वाचा झालाय, पण रेल्वेच्या वेड्यांसाठी डभई त्याआधीपासूनच तीर्थ आहे. १८६२ साली खंडेराव गायकवाडांनी डभई ते मियागाम अशी अरुंद लाइन टाकली, हिंदुस्थानातली पहिली. रूळ इतके हलके होते की इंजिन पेलेना, म्हणून बरीच वर्षं डबे बैलांनी ओढले. इंजिनं नीट चालू लागली ती रूळ बदलल्यावर, १८७३ मध्ये. मराठी माणसाला डभई आणखी एका कारणाने ठाऊक असते. १ एप्रिल १७३१ ला बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा इथेच पराभव केला आणि दाभाडे पडले. दाभाड्यांच्या पदरच्या गायकवाडांचं गुजरातेतलं बस्तान त्यानंतर वाढत गेलं.

हिरा भागोळ, म्हणजे इथल्या किल्ल्याची वेस, बघितली. कोरीव काम अप्रतिम आहे, पण त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मी सोड्यासाठी आलो होतो.

बाजारामागच्या एका बोळात पत्र्याच्या छताखाली सोड्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे अंगण. मालक सत्तरीचे, गुजराती, पण माझं मराठी कानावर पडताच म्हणाले, “बडोद्याहून ना? या, या, बसा.” त्यांच्या वडिलांनी हे सुरू केलं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

अंगणात एक बाई बाटल्या धूत होत्या. आधी गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा, मग दोन साधी पाणी. गोटीची बाटली धुणं हे सोशीक माणसाचं काम. मानेच्या चिमट्यामुळे ब्रश आत जात नाही. पाणी भरून हिसडायचं, गोटी खडखडत राहते, पुन्हा भरायचं. शेवटी प्रत्येक बाटली उन्हाकडे धरून बघायची. एक त्यांनी बाजूला काढली. मला आत काहीच दिसेना. त्यांनी नखाने बुडाशी दाखवलं : केसाएवढी तडा गेलेली रेघ. “ही फुटेल,” म्हणाल्या आणि भंगाराच्या पिंपात टाकली.

आत यंत्र. लोखंडी चौकट, तीत बाटल्या आडव्या बसवायच्या खाचा, बाजूला फिरवायचं चाक, पुढून जाळीचं झाकण. वायूचा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला. मालकांच्या वडिलांच्या वेळी सिलिंडर नव्हता. शिशाच्या अस्तराच्या भांड्यात खडूची पूड आणि गंधकाचं तेजाब एकत्र करून वायू काढायचे, तो पाण्यातून धुऊन घ्यायचे. तेजाबाचा शिंतोडा उडून वडिलांचा एक सदरा गेला, तो आजीने किती वर्षं फडकं म्हणून वापरला, हे त्यांनी खुलवून सांगितलं.

त्यांच्या मुलाने बाटल्यांत बर्फाळ पाणी भरलं. पाणी थंडच का, असं विचारल्यावर तो हसला. साध्या दाबाला २० अंशाच्या पाण्यात जितका वायू विरतो, त्याच्या जवळपास दुप्पट तो शून्य अंशाच्या पाण्यात विरतो. कोमट पाण्यावर सिलिंडर रिकामा होईल आणि सोडा तरीही पचपचीत लागेल. बाटल्या खाचांत बसल्या, जाळी खाली आली, वायू सोडला. चौकट भराभर फिरवत पाणी आणि वायू घुसळले. मग चौकट उलटी : बाटल्यांची तोंडं खाली. वायूची तोटी बंद होताच एकामागून एक टक्, टक् असे आवाज. गोट्या तोंडाकडे घसरून वायसरवर बसल्या होत्या. चौकट पुन्हा सुलटी केली तरी एकही खाली आली नाही. एवढंच. झाकण नाही, बूच नाही, गोंद नाही.

“वायसर सडला तर?”

“तर रात्रीत पाणी होऊन जातं,” मालक म्हणाले. त्यांच्याकडे रबरी वायसरांची बरणी होती. अख्ख्या धंद्यात सगळ्यात लवकर मरणारी वस्तू ती.

जाळी कशासाठी, ते त्यांच्या मनगटावरच्या व्रणाने सांगितलं. गोटीची बाटली फुटते तेव्हा काच लांब जाते. दंगलींत सोडावॉटरच्या बाटल्या फेकायचे, ते उगाच नाही.

मग आम्ही हिशोबावर बसलो, आणि माझ्या मनात कालपासून जे घोळत होतं ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. त्यांचा माल जातो कुठपर्यंत? तर वडिलांच्या वेळी सायकल जाऊन दिवसात परत येईल तिथपर्यंत, नंतर टेम्पो जाईल तिथपर्यंत. “सोडा कुठेही जाईल हो. बाटली यायला पाहिजे ने.”

रिकामी बाटली आतल्या सोड्यापेक्षा जड असते. ती नेण्याचा खर्च एकदा आणि आणण्याचा खर्च पुन्हा. तालुक्याच्या पलीकडे हे परवडत नाही. म्हणून तर प्रत्येक गावाला आपला सोडा होता. पुण्याच्या कॅम्पात १८८४ चे अर्देशिर, मुंबईत १८८९ चे ड्यूक, तिकडे विरुधुनगरला १९१६ चे काळी मार्क, सुरतेला १९२३ चे हजूरी. ही वाढलेली नावं. त्यांच्या आजूबाजूला ज्यांचं नाव गावाच्या वेशीबाहेर कुणाला ठाऊक नाही, असे अक्षरशः गावोगाव होते. लोक याला चवीचा अभिमान म्हणतात. मला तो वाहतुकीचा हिशोब वाटतो, अभिमान नंतर आला.

कोका-कोला १९७७ मध्ये देशातून गेली, त्याचा छोट्यांना फायदा झाला असेल, असं मी सुचवून पाहिलं. मालकांनी नकारार्थी मान हलवली. गेली तशी थम्स अप आली, कॅम्पा आली. दुकानदाराच्या फडताळात बाटल्यांना जागा तेवढीच. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि थम्स अपवाल्या पार्लेचे ब्रँडच विकत घेतले, तेव्हाही यांच्या गिऱ्हाइकांत फार फरक पडला नव्हता. त्या मोठ्या कंपन्यांच्या बाटल्याही काचेच्याच होत्या, त्यांनाही क्रेट परत न्यावे लागायचे. खेळाचे नियम दोघांना सारखेच.

“मग कशाने पडला फरक?”

त्यांनी खिडकीबाहेर, गटाराकडे बोट दाखवलं. प्लास्टिकच्या बाटल्या. त्या परत आणाव्या लागत नाहीत. अहमदाबादेत भरलेली बाटली डभईच्या टपरीवर येते आणि तिथेच संपते, तिच्या मागे कुणी टेम्पो पाठवत नाही. ज्या अंतराने छोट्या सोडावाल्याला सांभाळलं होतं, ते अंतरच गेलं.

तरी त्यांचं चाललंय. लग्नसराईत आणि उन्हाळ्यात गोटीच्या सोड्याला मागणी आहे, आता तर लोक फोटो काढायला मागवतात. गोटी सोडा ‘पॉप’ म्हणून परदेशी मॉलमध्ये जाऊ लागल्याची बातमी त्यांना मुलाने मोबाइलवर दाखवली होती. त्यावर त्यांची पहिली शंका : “त्या बाटल्या परत कोण आणतं?” कुणी नाही, असं मुलगा म्हणाला. मालकांना तो निव्वळ मूर्खपणा वाटला. मला वाटतं, तिथे बाटलीचीच किंमत घेतात आणि सोडा फुकट देतात.

निघताना नडियादची बाटली पिशवीतून काढून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मुलाला म्हणाले, “आपल्या पेटीतही अशा दोन-चार येऊन पडल्यात, परक्या गावच्या.” पूर्वी सोडावाले वर्षाकाठी एकमेकांच्या चुकून आलेल्या बाटल्या परत करायचे. बडोद्याच्या एका मोठ्या सोडावाल्याने यांच्या वडिलांच्या बाटल्या कधीच दिल्या नाहीत, हा राग घरात अजून ताजा आहे. नाव सांगितलं त्यांनी. मी लिहिणार नाही.

रविवार, बडोदे

परतीच्या गाडीला वेळ होता. मामांनी सोस्यो पाजला. सुरतेच्या हजूरींचा. विम्टो या विलायती पेयाला स्वदेशी उत्तर म्हणून १९२३ मध्ये निघालेला. चव अशी की एकतर लगेच आवडते किंवा जन्मात नाही. मला नाही. मामा दोन प्यायले. २०२३ मध्ये रिलायन्सने त्या कंपनीत निम्मा वाटा घेतला, त्याआधी २०२२ मध्ये कॅम्पा घेतली. जुनी नावं पुन्हा बाजारात दिसतात ती अशी. बाटली प्लास्टिकची, आणि नाव त्यावर गुंडाळलेल्या कागदावर छापलेलं.

कुणाला डभईला जायचंच असेल तर सकाळी जा. दुपारी भरणं बंद असतं, उन्हात वायू टिकत नाही. सोडा तिथेच उभ्याने प्यावा लागेल. मी आठवण म्हणून एक बाटली विकत मागून पाहिली. दुप्पट डिपॉझिट देतो म्हणालो, तिप्पट म्हणालो. मालक हसून नाही म्हणाले, मुलाने माझ्या हातातली रिकामी काढून घेतली आणि धुणाऱ्या बाईंच्या टबात नेऊन सोडली.